अप्पांनी तळव्यांनी ऐकलेला पखवाज

दीड महिना झाला. मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी होती, डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात सास्तूरहून शेजारच्या मेहबूबभाईंचा फोन आला. "वहिनी, तुमी दोघं निघा... अप्पा गेले." जेवण करून ओसरीवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. धाराशिवच्या बसस्थानकावर नवऱ्याची वाट बघत उभी होते, आणि डोळ्यांसमोर मात्र सास्तूरचे अप्पा येतच नव्हते. येत होते ते पुण्यातल्या एका मैदानावर अनवाणी उभे असलेले अप्पा.

अप्पा म्हणजे माझे सासरे, शिवलिंगअप्पा. जन्मभर शेती केली आणि गावच्या भजनात पखवाज वाजवला. त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं, त्यात त्यांची बायको आणि सहा वर्षांची मुलगी गेली. अप्पा त्या रात्री रानात पिकाला पाणी देत होते म्हणून वाचले. माझा नवरा धाराशिवला वसतिगृहात होता म्हणून वाचला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं लोटली होती, पण घरात तिचा उच्चार कुणी करत नसे. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही... पुढं अप्पांचे कान हळूहळू गेले. यंत्र लावलं तरी नुसता गोंगाट व्हायचा. मग एके दिवशी त्यांनी पखवाज मठात नेऊन ठेवला आणि भजनाला जाणंच सोडलं. माणूस आधीच कमी बोलायचा, तो आणखी मिटला.

माझी मुलगी गौरी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी तिथं एक महोत्सव होता. तीन दिवस गाणंबजावणं, नवी यंत्रं आणि पोरापोरींच्या डोक्यातून निघालेल्या नाना कल्पना. गौरीनं मैत्रिणींबरोबर त्यात एक लाकडी चौथरा मांडला होता. फळीच्या खाली यंत्रं बसवलेली. शेजारी वाद्य वाजलं की फळी त्या ठेक्यात थरथरायची. ऐकू न येणाऱ्यांनी वर उभं राहायचं आणि पायांनी संगीत ऐकायचं. सहा महिने राबून तिनं ते केलं होतं, आणि केलं होतं अज्जासाठी, म्हणजे तिच्या आजोबांसाठी. म्हणून मी अप्पांना एसटीनं पुण्याला घेऊन गेले.

मैदानावर रंगीत दिव्यांची झाडं होती, हात हलवला की वाजणाऱ्या तारा होत्या. अप्पा सगळं निरखत चालले होते. गौरीनं मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'अज्जा, चप्पल काढून यावर उभे राहा.' बाजूला एक मुलगी पखवाज घेऊन बसली होती. अप्पा हसत चढले. मुलीनं पहिली थाप मारली, फळी हलली... आणि अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. ते धडपडत खाली उतरले, मातीत बसले आणि दोन्ही पंजे जमिनीवर घट्ट दाबून धरले. भुई हलतेय का, ते बघत होते.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. गौरीच्याही आलं. "आई, मला सुचलंच कसं नाही गं?" म्हणत ती रडायला लागली. तिनं यंत्र बंद केलं, मी अप्पांना चहा आणून दिला. पेला रिकामा करून त्यांनी आधी नातीकडं, मग त्या पखवाजवाल्या मुलीकडं पाहिलं.

"हळू वाजीव म्हनावं तिला," ते म्हणाले. "म्या बघतो."

मी नको नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही, गौरीला यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं. आधी फळीवर नुसता हात ठेवला. मग एक पाय. मग दुसरा. डोळे मिटले. आता पुन्हा उतरतील असं वाटत असतानाच त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. थोड्या वेळानं डोळे उघडून मोठ्यानं म्हणाले, "पोरी, घाई करतीस. दम धर की जरा!" ती मुलगी लाजली, कारण खरंच तिची लय पळत होती. अप्पा अर्धा तास उतरले नाहीत.

परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "भुई हालली की वाटतं, आता लोकांचं रडनं ऐकू येनार. तितं कुनी रडलं न्हाय." मी त्यांचा हात धरून बसले.

धाराशिवला आमच्या घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेता घेता, सहज सांगावं तसं ते बोलले, "गिरिजा पखवाजाला थापायला मळलेली कनीक चोरून चिमन्या करायची. लई मार खाल्लाय तिनं माझा." माझ्या नवऱ्याच्या हातातला कप तसाच राहिला. बहिणीचं नाव वडिलांच्या तोंडून तो तीस वर्षांनी ऐकत होता. त्यानंतर अप्पा पुन्हा भजनाला जायला लागले, वाजवणाऱ्याला खेटून, पखवाजाच्या खोडाला हात लावून बसायचे. आणि आम्ही सास्तूरला गेलो की गिरिजाची एखादी आठवण सांगायचे, मोजकीच... पण सांगायचे.

अप्पांचे दिवस घालून झाल्यावर पाहुणे पांगले. आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. गौरीनं विचारलं, "बाबा, गिरिजाआत्या अजून काय काय करायची?"

वडिलांच्या देखत हा माणूस बहिणीबद्दल कधी एक शब्द बोलला नव्हता. तो भिंतीला टेकला, पाय पसरले आणि म्हणाला, "माझ्याशी लई भांडायची. ऐक, सांगतो..."