शालू लंगडत नाही

बिडकीनच्या माळावर आता कंपन्या झाल्यात. तिथल्या एका गेटवर शालू उभी असते. निळा शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी. पाळी सुटली की बायांच्या पिशव्या तपासायच्या, गाडी आली की गेट ओढायचं. गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्यावर दुपारचं कुत्रं झोपतं. शालू बसत नाही.

"काहून बसत नाय गं?" कॅन्टीनची सत्यभामा मावशी विचारते.

"बसलं की उठावं लागतं, मावशे."

मावशी हसते. तिला तो विनोद वाटतो.

हाच माळ शालूच्या बापाच्या, कडूबाच्या, मेंढरांचा. जमीन नावावर कधीच नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या चराई इथलीच. शालू सात-आठ वर्षांची असताना तिनं एक कोकरू लळा लावून वाढवलं होतं. त्याच्या खुरात बाभळीचा काटा भरला. शालूनं सुईनं उकरून तो काढला, वर हळद लावली. तरी कोकरू पाय उचलूनच चालत होतं, सवयीनं. त्याच दिवशी खाटीक आला. खाटीक आला की कडूबा सगळा कळप त्याच्या पुढून चालवायचा आणि जे पाय ओढील त्याच्या गळ्यात दोरी पडायची.

"आण्णा, काटा काढलाय म्या. उद्या नीट चालंल ते."

"उद्याचं उद्या. आज त्याला दिसलं न लंगडताना?"

कडूबा काही कसाई काळजाचा नव्हता. त्या दिवशी त्यानं भाकर तशीच फडक्यात बांधून ठेवली. पण लंगडं कळपात ठेवलं की अख्खा कळप त्याच्या चालीनं चालतो आणि पुढच्या पाण्यावर वेळेत पोचत नाही, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. शालूनं ते ऐकलं नाही, पाहिलं. आणि पाहिलेलं माणूस विसरत नाही.

पुढं पैठणला तालुक्याच्या शर्यतीत ती अनवाणी पळाली. सगळ्यांच्या पुढं निघून शेवटची रेघ ओलांडली आणि रेघेवरच्या माणसाला विचारलं, "अजून किती?" शहरातले पळण्याचे प्रशिक्षक इंद्रजीत सर तिथं होते. त्यांनी महिन्याभरात तिला शहरात वसतिगृहावर आणलं.

पोरगी वेगळीच होती. बुटाची नाडी डाव्या पायाची आधी. चुकून उजव्याची बांधली तर दोन्ही सोडून पुन्हा. जिंकली तर हसायची नाही, हरली तर दोन दिवस जेवणावर राग. एकदा साधी ल्युडो हरली, तर सोबतच्या सुकेशनीशी पुढचा डाव जिंकेपर्यंत बोलली नाही.

"शालूला हार पचत नाही," सर कौतुकानं सांगायचे. "ज्या दिवशी पचायला लागंल, त्या दिवशी समजायचं की पोरगी संपली."

सुकेशनी मुकुंदवाडीची. शर्यतीत कायम दुसरी. अंगात धमक होती, पण कुठं काही दुखलं की मैदानभर ऐकू जायचं. "ओ सर, गुडघा पार कामातून गेला! खोटं नाय, आईशप्पथ!" सर ओरडायचे, नाटकी म्हणायचे, आणि आठ दिवस विश्रांती द्यायचे. ती खायची, झोपायची, नवव्या दिवशी पळायला हजर. शालूला तिची कीव यायची. इतक्या लोकांपुढं बिनधास्त लंगडते, हिला भीती कशी वाटत नाही?

अठरा साली पाऊस आलाच नाही म्हणावं असा गेला. दिवाळीनंतर वसतिगृहाचे नळ सुकले. टँकर पुरेना म्हणून पोरींना महिनाभर घरी धाडलं. निघताना सरांनी बजावलं, "मातीत पळायचं. डांबर-सिमेंटवर नाही."

शालू घरी आली तर माती कुठली? अर्ध्या माळाला तारेचं कुंपण. उरलेल्या काळ्या रानात अशा भेगा की पाय गेला तर घोटा आत राहील. बाप मेंढरं घेऊन धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळाकडं गेलेला. मात्र कुंपणाच्या मधून नवा कोरा सिमेंटचा रस्ता झाला होता. चार गाड्या शेजारून जातील एवढा रुंद, दोन्ही बाजूंना दिव्याचे खांब, आणि एक कंपनी नाही की माणूस नाही. असा सरळ रस्ता तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. सकाळी दहा किलोमीटर, संध्याकाळी दहा. महिनाभर. तिसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीत बारीक ठणका सुरू झाला. शालूनं उजव्या पायावरही डाव्याइतकाच जोर टाकायचा सराव केला, म्हणजे चाल एकसारखी दिसते.

परत आल्यावर सुकेशनीनं तिला न्हाणीच्या दारामागं धरलं. प्यायच्या वाट्याच्या पाण्यात फडकं भिजवून शालू नडगीला गुंडाळत होती.

"काय झालं बे?"

"काय नाय."

"आण इकडं." सुकेशनीनं अंगठा दाबला. शालूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण डोळ्यांतनं पाणी आपसूक आलं. "शाले, हे हाड आहे. सरांना सांगते मी."

"बिरोबाची आण हाय तुला."

"तुझा बिरोबा मला कशाला धरतोय? आम्ही नाय मानत आणभाका."

"मंग सांग जा." शालू फडकं बांधत म्हणाली. "मार्चात निवड हाय, निवासी शिबिराला एकच जागा. तुपली पक्की व्हईल. लोक इचारतील, कुणी सांगितलं? म्हण, म्या सांगितलं."

सुकेशनीनं हात मागं घेतला. मग बादली उचलून निघून गेली. शर्यतीत मागं राहणाऱ्या पोरीला कुठं टोचायचं, हे शालूला बरोबर ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून मानसशास्त्राच्या मॅडम आल्या. पोरींना फॉर्म वाटले. प्रत्येक वाक्यापुढं एक ते पाच आकडे, हवा त्याला गोल करायचा. 'मी पराभव लवकर विसरते.' 'मला दुखापत झाली तर मी लगेच प्रशिक्षकांना सांगते.' या वाक्यापाशी शालू थांबली. नडगी ठणकत होती. तिनं पाचाला गोल केला. नेहमी. विचारणाऱ्याला काय हवंय हे तिला कळत होतं. कळपासारखं आपणही त्यांच्या पुढून नीट चाललं की झालं.

मॅडमनी निकाल सगळ्यांपुढं वाचला. शालूचं मन सगळ्यात कणखर. एकाग्र, शिस्तीचं, प्रामाणिक. "असा स्वभाव घडवून येत नाही, असावा लागतो," मॅडम म्हणाल्या. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. सुकेशनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरी म्हणाल्या, जळते.

निवडीची शर्यत मार्चात, सकाळी सातला. पाच हजार मीटर, साडेबारा फेऱ्या. शालू पहिल्या फेरीपासून पुढं. अकराव्या फेरीच्या वळणावर वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दहा पावलं मागं असलेल्या सुकेशनीला तो ऐकू आला. त्यानंतरही शालू तेरा पावलं पळाली. सुकेशनीनं ती मोजली, का ते तिलाही सांगता येत नाही. मग शालू बसली. पडली नाही, नीट बसली, आणि आधी ट्रॅकपँटवरची माती झटकली.

सर धावत आले. "अगं कधीपासून? सांगायचं नाही व्हय? दीड महिन्याची विश्रांती लागली असती फक्त! पुढच्या साली पळाली असतीस!"

पुढचं साल म्हणून काही असतं, हे शालूला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याचं उद्या.

तरी एक दार उघडं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळंल, वय लहान आहे, सहा महिने पळायचं मात्र नाही. घरी आली. कडूबानं तोवर मेंढरं विकली होती, चार शेळ्या ठेवल्या होत्या. तो तिच्या पायाकडं बघायचा नाही. तीच बघायची, तो बघतो का म्हणून. चौथ्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला, दुखतं का? "नाय." दुसऱ्या दिवशी पहाटं ती त्याच सिमेंटच्या रस्त्यावर होती. पाचव्या दिवशी पाय पुन्हा गेला, त्याच जागी. आता आत सळई आहे. पळणं संपलं.

परवा सुकेशनी गेटवर आली, स्कूटीवरून. शिबिरात ती दीड वर्ष टिकली. आता शाळेत खेळाची बाई आहे.

"बस की गं. खुर्ची आहे न."

"कुत्र्याची हाय ती."

दोघी हसल्या. मग सुकेशनी गाडीच्या किल्लीशी चाळा करत म्हणाली, "शाले, मी तवा सरांना सांगितलं असतं तर?"

"तर म्या तुपल्याशी जल्मात बोलले नसते."

"आणि?"

शालूनं रस्त्याकडं पाहिलं. आता त्याच्यावर ट्रक होते. "आन पळत असते."

सुकेशनीनं किल्ली मुठीत धरली. शालूच म्हणाली, "जाऊ दे. बोलतो तरी आपण."

"दुखतं का अजून?"

"नाय."

ट्रकनं हॉर्न दिला. शालू गेटकडं गेली, ताठ, दोन्ही पावलं सारखी टाकत. लोखंडी गेट ओढलं, ट्रक आत घेतला. सुकेशनीनं गाडी वळवली. वळणापर्यंत ती आरशात बघत होती. शालू गेटला हात लावून सरळ उभी होती, चेहरा स्कूटीकडं. स्कूटी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलणार नव्हती, हे सुकेशनीला माहीत होतं. तेवढ्या लवकर तिला पाय सैल टाकता यावा म्हणून तिनं वळणावर गाडी जोरात काढली.