भागीरथीकाकूंचा हात

रिबकाआत्याच्या घरचा पेसाखचा सण माझ्यामुळे मोडला. आमच्या नात्यागोत्यात याची निरनिराळी कारणे सांगतात. आत्याचा संधिवात, तिच्या यजमानांचे वय, माणसे मुंबईला गेली... मीही इतकी वर्षे मान हलवून तीच कारणे सांगत आलो. ती गेल्याची तार मुंबईत माझ्या हातात पडली आणि आगबोटीने रत्नागिरीस पोचेपर्यंत तिला माती देऊन झाली होती. ओसरीवर समाचाराला येणारा प्रत्येक जण तिच्या सणाच्याच गोष्टी काढत होता, आणि मी आतल्या खांबाशी खाली मान घालून बसलो होतो. त्याला आता काही आठवडे झाले. ती मान अजून वर होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात, कारण पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. मिसर देशातल्या गुलामीतून, दुभंगलेल्या समुद्रातल्या वाटेने आमचे लोक सुटले त्याची आठवण म्हणजे पेसाख. त्या रात्री सुटकेची कथा वाचतात, बिनखमिराची रोटी आणि कडू पाला खातात, आणि चार वेळा सरबताचा पेला उचलतात. या जेवणाला सेदेर म्हणतात. रत्नागिरीत आमची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे सगळ्यांचा सेदेर आत्याकडेच. मोठ्या लढाईनंतरच्या त्या वर्षांत कुणी संगमेश्वराहून बैलगाडीने येई, कुणी मुंबईहून आगबोटीने. आठवडाभर आधी चिऱ्याच्या भिंतींना चुना लागे, तांब्याची सगळी भांडी कल्हईला जात, आणि माजघरापासून ओसरीपर्यंत चटया अंथरल्या तरी पोरांना उंबरठ्यावरच बसावे लागे. आत्या सर्वांना खिजवून पुढे बसवी. "सरक रे, तुझ्या एकट्यासाठी नाय समुद्र दुभंगला," असे ती मोठ्या माणसालाही म्हणे.

सरबत काळ्या मनुकांचे. रात्री मनुका भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी त्या हाताने कुस्करून पंच्यातून पिळायच्या. पन्नास माणसांना पुरेल इतके पिळणे हे मनगटाचे काम, आणि आत्याची बोटे तर तरुणपणीच आखडलेली. म्हणून ते काम शेजारच्या भागीरथीकाकू करीत. काकू कुळवाड्यांच्या, यजमान गलबतावर खलाशी, वर्षातले आठ महिने घराबाहेर. दोन्ही परसांमधल्या कुंपणाला या दोघींच्या येण्याजाण्याने एक खिंडार पडले होते, ते कधी कुणी बुजवले नाही. आत्या लग्न होऊन त्या आळीत आली तेव्हा तेलिणीचा हात लागला की विहीर बाटते असे म्हणणारी माणसे होती. त्या दिवसांत आत्याची घागर काकूंनी भरून आणली, ती पुढे जन्मभर आणली. सेदेरला काकू दाराशी बसत. आतोबा कथा वाचताना "ज्याला भूक असेल त्याने यावे आणि आमच्यात जेवावे" या ओळीवर आले की मुद्दाम थांबून दाराकडे बघत, आणि काकू म्हणत, "मी आलंय कधीची. वाचा पुढं, भात निवतोय." दरवर्षी हेच, आणि दरवर्षी सगळे हसत.

मुंबईत नोकरीला लागल्यावर मी धर्माचा अभ्यास सुरू केला. आपल्या लोकांना शास्त्र ठाऊक नाही, कोकणात राहून आपण सगळे विसरलो, याची मला लाज वाटू लागली होती. द्राक्षांचे वा मनुकांचे पेय दुसऱ्या धर्माच्या माणसाने हाताळले तर ते सणाला चालत नाही, हा नियम मी तिथेच शिकलो. त्या वर्षी सेदेरला आलो तो हे शिक्षण घेऊन. पहिला पेला भरला जात होता. मी विचारले, "आत्या, हे सरबत कुणी पिळलं?"

"कोण पिळणार? भागूनं."

"मग हे चालत नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटले, त्यांना समजले नाही, म्हणून मी समजावून सांगितले. मोठ्याने, नीट, प्रत्येक शब्द ऐकू जाईल असे. शेवटचे वाक्य मला अजून आठवते : "परधर्मीयाचा हात लागला की ते बाटलं." काकूंनी आपला हात मांडीवरून उचलून पाहिला. मनुकांचा काळसर रंग नखांत तसाच होता. "पोरांना निजवायचंय," असे म्हणून त्या उठल्या, आणि परसातून न जाता पुढच्या दाराने, रस्त्यावरून, घरी गेल्या.

आत्या माझ्यावर रागावली नाही. सरबताचे पातेले उचलून तिने बाजूला ठेवले आणि विचारले, "पाणी चालेल ना रे? तेही भागूनंच ओढलंय." चारही पेले आम्ही पाण्याचे प्यालो. पुस्तकाप्रमाणे मी बरोबर होतो, हे आजही कुणी मला खोडून दाखवणार नाही. पण विहिरीवर ज्या शब्दाने आत्याला एकेकाळी अडवले होते, तोच शब्द मी तिच्या घरात, तिच्या सणाला, तिच्या मैत्रिणीला ऐकवला होता.

पुढच्या वर्षी आत्या म्हणाली, हात चालत नाहीत, यंदा ज्याने त्याने आपापल्या घरी करा. त्यानंतर कधीच झाले नाही. काकूंनी पाणी भरणे सोडले नाही. पहाटे घागर परसदारी ठेवून जात, आत मात्र येत नसत.

गेल्या दिवाळीत आत्याला भेटलो ती शेवटची भेट. ती बाजेवर पडून होती. मी बराच वेळ इकडचेतिकडचे बोललो आणि मग म्हणालो, "आत्या, त्या सेदेरच्या वेळी माझं चुकलं."

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "माझा हात नव्हता तो. खिंडारातून पलीकडं जा. ती घरातच हाय."

मी परसात गेलोही. पलीकडे काकू भात वाळत घालताना दिसत होत्या. आगबोटीची वेळ झाली आहे, असे मी स्वतःला सांगितले आणि परत फिरलो. बोट त्या दिवशी उशिराच आली. बंदरावर बसून मी तिची वाट पाहत होतो, आणि तेवढ्या वेळात दहादा त्या कुंपणापाशी जाऊन येता आले असते.

आत्याच्या मागे घर आवरताना ते पातेले सापडले. फळीवर पालथे, आतून काळे पडलेले. ते मी कल्हई करून आणले, आणि या खेपेस खिंडारातून पलीकडे गेलो. काकू आता थकल्या आहेत. चुलीपाशी बसल्या होत्या. मी पातेले त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "काकू, महिन्यावर पेसाख आलाय. यंदा आत्याच्या घरी सगळ्यांना बोलावतोय. सरबताचं तुम्ही बघाल का?"

त्यांनी पातेल्याला हात लावला नाही.

"आधी जे बोलायला आलास ते बोल."

मी बोललो. खाली बसून, त्यांचे पाय धरून बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि चुलीतले लाकूड मागे ओढले.

"तेव्हा पन्नास माणसांच्या देखत बोलला होतास," त्या म्हणाल्या. "आता चुलीच्या देखत बोलतोयस."

पातेले अजून त्यांच्या ओसरीवर आहे. त्यांनी ते आत नेले नाही, आणि परतही पाठवले नाही. त्यांचा मुलगा रविवारी त्यांना पेपर वाचून दाखवतो, हे मला माहीत आहे. त्या रात्री जी पन्नास माणसे होती, त्यांतली बरीचशी हा पेपर घेतात. म्हणून सगळ्यांच्या देखत, माझ्या आत्याचे स्मरण करून लिहितो : भागीरथीकाकू, तुमच्या हाताने आमचे काहीही बाटले नव्हते. बाटवले ते माझ्या जिभेने. मला क्षमा करा.