आधीच टिक केलेला चौकोन

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लॅपटॉप घेतला, तो एका कामासाठी. इब्रामपूरच्या आमच्या घरी सासऱ्यांच्या ट्रंकेत गावच्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. जत्रेच्या नाटकांना त्यांनी कित्येक वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. आता चौऱ्याऐंशी झाली, वाचायला दिसत नाही, पण पुढचं वाक्य कोणाचं ते अजून अचूक सांगतात. यंदा मंडळींनी जुनं एक नाटक पुन्हा बसवायचं ठरवलं आणि ते टाईप करायचं मी अंगावर घेतलं.

पहिला अंक पूर्वी एका छापखान्यात टाईप झालेला होता. त्याची फाईल मिळाली, पण माझ्याकडे ती उघडली तर पानभर कंस, उभ्या रेघा आणि डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात बदलणारे प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळतात असं ऐकलं होतं. शोधला. पानावर तीन हिरवी बटणं होती, तिन्हींवर ‘डाउनलोड’. मी सगळ्यात मोठं दाबलं. मग पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे.

मजकूर बदलला नाहीच. बदललं ते दुसरंच. इंटरनेट उघडलं की कुठलंतरी अनोळखी शोधपान समोर यायचं. वर नवी पट्टी आली. आणि दर पाच-दहा मिनिटांनी कोपऱ्यात लाल चौकट उघडायची : तुमच्या संगणकात शेकडो व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा. लॅपटॉप घेऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते.

बाबा शेजारी बसून मला दुसरा अंक तोंडी सांगत होते. त्या चौकटीबरोबर ‘टुण्ण’ असा आवाज यायचा, तो त्यांना ऐकू येई.

“काय गो झाला?”

“बाबा, कोपऱ्यात एक खिडकी उघडते.”

“तू उघडलंस?”

“नाही. आपोआप.”

“आपोआप जनेल उघडता कसा?” ते म्हणाले. “कोणीतरी आत असतला.”

खरं सांगायचं तर तोवर मला नुसती चीड आली होती. त्यांच्या प्रश्नाने मात्र माझंही कुतूहल जागं झालं. कोण आत आलंय? आणि कुठून?

मी डेस्कटॉपवर आलेली दोन नवी चित्रं पुसली. वाटलं, गेलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर टुण्ण. मला तेव्हा माहीत नव्हतं की चित्र पुसणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. माणूस आत तसाच. लाल चौकटीतल्या ‘इथे दाबा’वर एकदा बोट गेलंही होतं. बाबांनी विचारलं, “जो घाबरयता, तोच औषध विकता?” मी बोट मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून डिचोलीला गेले. बाजारात एका जिन्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचे. मूळचे सिंधुदुर्गातले, सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांचं वायरिंग करायचे. खाणी बंद पडल्यावर हे काम शिकले. त्यांनी पाहिलं आणि सरळ म्हणाले, “बाई, फॉर्मॅट मारूया. संध्याकाळी घेऊन जा.”

“म्हणजे सगळं पुसणार?”

“सगळं. नव्यासारखं होईल.”

“पण मग हे आलं कुठून ते कळणार नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ते कोणी विचारत नाही, बाई.”

“मी विचारतेय. आणि घरी सासरे बसलेत, ते विचारणार आहेत.”

ते हसले आणि दुसरी खुर्ची ओढली. आधी त्यांनी इंटरनेट बंद केलं. मग सगळ्या प्रोग्रामची यादी उघडून तारखेप्रमाणे लावली. चार नावं एकाच दिवसाची. त्यातलं एक मी आणलेलं. उरलेली तीन कधी ऐकलीही नव्हती. एकाचं नाव तर ‘सफाई’ अशा अर्थाचं होतं.

“काढा तुम्हीच,” ते म्हणाले.

पहिली तीन मुकाट गेली. सफाईवाल्याने मात्र विचारलं, नक्की काढायचं? ‘राहू दे’चं बटण मोठं, निळं. ‘काढून टाका’ खाली बारीक करड्या अक्षरांत. ते मीच शोधून दाबलं. मग ब्राउझरमध्ये चिकटलेली पट्टी काढली, शोधपान पूर्ववत केलं. लाल चौकटीचं मूळ वेगळंच निघालं. कुठल्यातरी संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी मी स्वतःच दिली होती. ती रद्द केली.

लॅपटॉप पुन्हा चालू केला. शोधपान परत आलं.

“हां,” ते म्हणाले आणि पुढे सरकले. आता त्यांचा चेहराच बदलला. “ट्रकात असंच व्हायचं. फ्यूज बदलला की परत उडायचा. मग तार कुठे घासते ते बघत बसायचं.” त्यांनी ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी काढली. आम्ही दोघांनी एकेक ओळ वाचली. तळाकडे एक काम होतं, अर्थ नसलेल्या अक्षरांच्या नावाचं : लॅपटॉप चालू झाला की पट्टी परत बसवायची. ते उडवलं, त्याची फाईलही उडवली. मग लॅपटॉपमधल्याच सुरक्षेच्या सोयीने पूर्ण तपासणी लावली. ती तासभर चालली. तेवढ्या वेळात त्यांनी चहा मागवला आणि माझ्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलायला लावला.

चहा पिताना मी विचारलं, “पण बाकीचे तीन आत आले कसे?”

त्यांच्याकडे प्रयोगाला ठेवलेला एक जुना संगणक होता. मी डाउनलोड केलेली त्या प्रोग्रामची फाईल त्यावर घेऊन त्यांनी ती चालवली. “आता सावकाश वाचा.”

दुसऱ्याच पानावर, तळाला, तीन चौकोन होते. तिन्हींत टिक आधीच केलेली. शेजारी बारीक अक्षरांत : हेही बसवण्यास माझी संमती आहे. मी वर्गात मुलांना आयुष्यभर सांगत आले, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. स्वतः मी चार पानं वाचली नव्हती.

“‘मान्य आहे’ म्हणतो त्या अटी तुम्ही वाचता?” मी विचारलं.

“मी? कधीच नाही,” ते म्हणाले. दोघेही हसलो. मी त्या अटींचा कागद छापून घेतला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना अटी ऐकायच्याच होत्या. दोन दुपारी मी त्या मराठीत करून वाचल्या. नवव्या कलमात स्पष्ट होतं की आमच्या सहकाऱ्यांचे प्रोग्राम तुमच्या संगणकात बसवले जातील.

“म्हंजे चोरान सांगान चोरी केल्यान,” बाबा म्हणाले, आणि ते कलम परत वाचायला लावलं.

फॉन्ट बदलण्याचं काम शेवटी सोपं निघालं. आमच्या जुन्या शाळेतल्या एका शिक्षिकेने इंटरनेटवरचं एक पान सुचवलं. तिथे काही बसवावं लागत नाही, मजकूर टाकला की नवा मिळतो. पहिला अंक अर्ध्या तासात वाचता आला. फक्त सगळे ‘र्‍या’ मोडले होते, ते मी हाताने नीट केले. प्रती वाटल्या, तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी बाबा गेले होते. माझ्या प्रतीत नायिकेचं एक वाक्य राहून गेलंय, हे त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं.