आईच्या डिशचा तळ

जुनी इंग्लिश भांडी पारखून देणं हे माझं काम. नया नगरच्या आमच्या वन-बीएचकेमध्ये संग्राहक डिशेस घेऊन येतात आणि मी प्रत्येक डिश आधी उलटी करते. वरचं चित्र बघून भुलतात ते हौशी. मी तळ बघते: कारखान्याचा शिक्का, झिलईतल्या बारीक भेगा, कुणी गुपचूप केलेली डागडुजी.

घरातली एक डिश मात्र मी कधी उलटी केली नव्हती.

ती आईची. लंबगोल, पांढऱ्यावर निळं चित्र: पूल, झाडं, दोन पक्षी. रत्नागिरीहून आल्यावर आई मुंबईत एका बाईंकडे वीस वर्षं स्वयंपाकाला होती. बाई वारल्या आणि त्याच आठवड्यात ही डिश आमच्या घरात दिसली. "बाईंनी मागेच दिली होती, तिथेच ठेवली होती," आई म्हणाली. दादाचा विश्वास बसला नाही. एवढी भारी वस्तू स्वयंपाकिणीला कोण देतं? गणपतीत पाहुणे आले की तो ती कपाटात मागे ढकलायचा. मी गप्प बसायचे, कारण मलाही तसंच वाटायचं.

गेल्या रविवारी दादा घोडबंदरहून आला आणि आईसमोरच म्हणाला, "ती चोरीची ब्याद दे ना कुणा गिऱ्हाइकाला." आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. दादाची अशी चीड आली! पण तो गेल्यावर मी डिश टेबलावर घेतलीच.

तळाला जुन्या लुगड्याचा तुकडा खळीने चिकटवलेला. ओला करून हळूहळू सोडवला. खाली शिक्का निघाला, अस्सल. आणि नेमकी त्या शिक्क्यावरच, लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर घालतात तशी, कोरलेली अक्षरं. आईचं पूर्ण नाव, पुढे 'हिस सप्रेम भेट', आणि खाली बाईंचं नाव.

संग्राहकांच्या लेखी डिश बाद. शिक्क्यावर ओरखडा चालत नाही.

"आई, हे फडकं कुणी चिकटवलं?"

"मीच. खाली कायतरी लिवलेलं होतं. मला कुठे वाचता येतंय? म्हटलं, बाईंचंच नाव असणार. कोणी बघितलं तर म्हणतील, चोरून आणलीन."

मी वाचून दाखवलं. सोललेली शेंग तिच्या हातातच राहिली.

"माझं नाव?"

"तुझं."

बराच वेळ ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "तुला पण वाटायचं ना गं, मी चोरली म्हणून?"

गिऱ्हाइकांना तोंडावर खरं सांगते म्हणून मी बदनाम आहे. आईला "हो" म्हणताना मात्र मला रडू फुटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने पदराला हात पुसले.

"दादाला फोन लाव," ती म्हणाली. "आणि परत वाच. मोठ्याने."