बुडबुड्यांचा हुकूम

अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी संपल्यापासून महाडच्या मंजुळाबाईंना रिकामे हात खायला उठत. सून आम्रपाली शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं मागच्या पडवीत एक बादली मांडली. धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात एका तारेला लोखंडी पत्रा, दुसरीला गंजकी विळी. तारा मायक्रोकंट्रोलरच्या इवल्या पट्टीतून बॅटरीला जोडलेल्या आणि ती पट्टी मोबाइलचं ऐकायची. मोबाइलवर कळ दाबली की विळीला बुडबुडे फुटत आणि हळूहळू गंज सुटे. चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही, अशी ताकीद देऊन आम्रपालीनं जुना मोबाइल सासूच्या हवाली केला.

वरंधची ठकूबाई बाजाराला आली की मंजुळाबाईंकडे चहाला टेकायची. त्या दिवशी तिचा गंजलेला कोयता बादलीत सोडून मंजुळाबाई पदराआड मोबाइल धरून बसल्या. "ऊठ," त्यांनी बादलीला फर्मावलं. पाणी फसफसलं. "बस." पाणी निवलं. ठकूबाईच्या हातातली बशी तिरकी झाली, तरी तिला कळलं नाही. संध्याकाळी गंज सुटलेला कोयता घेऊन ती गेली. मंजुळाबाई रात्री जेवतानाही हसत होत्या.

पुढच्या बाजाराला ठकूबाई आली ती तिघीजणींना घेऊन. हातात विळे, खुरपी आणि एक नारळ. एकीनं बादलीला हळद-कुंकू वाहून हात जोडले, तसं मंजुळाबाईंचं हसू मावळलं. चिंचेवर भूत नसतं, हे पोरांना सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी मोबाइल बाहेर काढला.

"ठकू, मी तुझी मस्करी केली गो. बादलीत देव नाय, वीज हाय. ही बघ कळ."

ठकूबाईनं आधी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. मग कळ दाबली. बुडबुडे आले. पुन्हा दाबली, थांबले. असं बराच वेळ चाललं.

"हे मला पण जमतंय?"

"कुणालाबी जमंल."

ठकूबाईनं तिघींना दटावलं, गावात अवाक्षर काढायचं नाही. तिला आधी दिराला, सोनबाला, असंच फसवायचं होतं. मंजुळाबाईंनी एकच अट घातली: मस्करी चहा होईपर्यंतच.

त्यापुढच्या बाजाराला सोनबाही आला. वहिनीच्या एका शब्दावर पाणी उसळलेलं पाहून त्यानं टोपी काढली. मंजुळाबाई चुलीकडं तोंड करून पदर चावत होत्या. कप हातात देतानाच त्यांनी सगळं फोडलं. सोनबानं वहिनीकडून मोबाइल मागून घेतला.

चहावर साय धरली. आम्रपाली शाळेतून आली तरी तो कळ दाबतच होता.