ताईच्या घरातले आवाज

माझी ताई लहान मुलांसाठी भीतीच्या रहस्यकथा लिहिते. चार मित्र, एक बंद घर, आतून येणारे विचित्र आवाज आणि मग त्या चौघांचा तपास. ऐकायला छान वाटतं. पण तिच्या प्रकाशकाला भूत चालत नाही. "पालकांच्या तक्रारी येतात हो," म्हणत तो दर वेळी शेवट बदलून घेतो. त्यामुळे आजवरच्या प्रत्येक पुस्तकात शेवटी मांजर निघालंय. माळ्यावर मांजर, पेटाऱ्यात मांजर, एकदा तर विहिरीत मांजर. ताईला या प्राण्याचा इतका वीट आलाय, की जिन्यात एखादं दिसलं तरी ती तोंड फिरवते.

या वर्षी ती अडून बसली. पुस्तकं खपेनाशी झाल्यामुळे प्रकाशकही वैतागला होता. "करा एकदाचं मनासारखं," तो म्हणाला. "मुलं खरंच घाबरली तर छापतो. नाहीतर मालिका बंद." या मालिकेशिवाय तिच्याकडे दुसरं काहीच नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिची एक पद्धत आहे. प्रकरण लिहून झालं, की ती आमच्या इमारतीच्या जिन्यात बसून पोरांना वाचून दाखवते. तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघते. मूल घाबरलं की पसरलेले पाय पोटाशी घेतं, असं तिचं म्हणणं. या वेळी तिने जीव ओतून लिहिलं, पण एकाही पोराने पाय हलवला नाही. माझी लेक, आमची भोचकभवानी, पहिल्याच पानाला म्हणाली, "मावशी, मांजरच असणार ना?"

ताईने कागद भिरकावले. पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. "डोकं फुटायची वेळ आलीये माझ्यावर," ती खाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओरडली. "या कार्ट्यांना मीच बिघडवलंय!" मी म्हटलं, मग दुसरं काहीतरी लिही. त्यावर ती चहा अर्धा टाकून निघून गेली.

मग एका दुपारी भवानी धावत आली. "आई, मावशीकडे कोणीतरी लपून राहतंय! खूप जण आहेत. एक म्हातारा खोकतो, एक मुलगा हसतो. आम्ही दाराला कान लावून ऐकलं." ताई संवाद लिहिताना सगळ्यांचे आवाज काढते, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी ते सांगेपर्यंत पोरं वर पळालीसुद्धा. धापा टाकत मीही गेले.

ताईने दार उघडलं ते तणतणतच. "एक ओळ सुखाने लिहू देऊ नका मला! या, शोधा कोण आहे ते."

त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. स्वयंपाकघरात एक ताट, एक पेला आणि टेबलाला एकच खुर्ची. भवानी त्या खुर्चीपाशी बराच वेळ उभी राहिली. "आई," ती कुजबुजली, "इथे कोणीच नाहीये. मावशी एकटीच बोलते."

बाकीची पोरं एकमेकांना चिकटली. सगळ्यात धाकटी तर जमिनीवर बसली आणि तिने पाय पोटाशी घेतले. ताई त्या पायांकडे बघत राहिली.

तेच तिने लिहिलं. चार मित्र आवाजांचा माग काढत जातात, सगळं घर धुंडाळतात आणि आत एका बाईशिवाय कोणीही सापडत नाही. जिन्यात वाचलं तेव्हा सगळ्यांचे पाय आखडले. प्रकाशकाचा फोन आला, "छापतो. पण मलाच कसंतरी झालं हो. एखादं मांजर तरी ठेवा ना." ताईने फोन आपटला.

वाचनाला फक्त भवानी आली नव्हती. संध्याकाळी ती दप्तर पोटाशी धरून वर निघाली. मला संशय आला, म्हणून मी मागोमाग गेले. ताईच्या दारात तिने दप्तर उघडलं, तर आतून एक मळकट पिल्लू बाहेर पडलं.

"हे घे, मावशी. आता शेवट बदल."

"माझ्या पुस्तकाची वाट लावायला निघालीस?" ताई भडकली. "एक अक्षरही बदलणार नाही! उचल ते आधी!"

पिल्लू तोवर आत पसार झालं होतं. "सगळे माझ्याच मुळावर उठलेत," असं पुटपुटत ताईने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. शेवट तिने खरोखरच बदलला नाही. पण आम्ही जिना उतरायला लागलो, तेव्हा आतून तिचा आवाज आला. म्हाताऱ्याचा नाही, मुलाचा नाही, तिचा स्वतःचा.

"ऊठ मेल्या, घरात एकच खुर्ची आहे."