देव्हाऱ्यातलं घड्याळ

विजयमाला आमच्या खालच्या मजल्यावर राहते. जयपुरात खातीपुऱ्याहून छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे घर आहे, वर आम्ही भाडेकरू आणि खाली ती. माझे यजमान विमा कंपनीतले, बदलीवर आलेले. तिचे यजमान उत्तमराव फौजेत सुभेदार. ते सीमेवर गेले की खाली दोघीच उरतात, विजू आणि तिच्या सासूबाई, सुमनबाई. माणसं साताऱ्याकडची, त्यामुळे विजू सासूला ‘आत्ती’ म्हणते आणि मला ‘वैनी’.

विजू भित्री नाही. गॅसची नळी ती स्वतः बदलते. गच्चीवर माकडं आली की मी दार लावून आत बसते आणि ती झाडू घेऊन वर जाते. एकदा आमचे हे म्हणाले, “उत्तमरावांना सुट्टी द्या म्हणावं सरकारला, विजूलाच पाठवा.” ती म्हणाली, “जाते की, पण तिथं मला चहा कोण देणार?” अशी ती बाई. पण गेल्या उन्हाळ्यात मी तिला थरथरताना पाहिलं, तेही एका मनगटी घड्याळापुढे.

ते घड्याळ तिच्या सासऱ्यांचं, हिंदुरावांचं. सेलवर चालणारं जुनं क्वार्ट्झ, पांढऱ्या तबकडीचं. हिंदुरावही फौजेत होते. डोंगरात त्यांची गाडी दरीत गेली तेव्हा उत्तमराव शाळेतही जात नव्हते. घरी जी पेटी आली तिच्यात कपड्यांच्या घडीत हे घड्याळ होतं, आणि ते चालू होतं. सुमनबाईंनी ते उचललं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. तेव्हापासून त्यांनी ते बंद पडू दिलेलं नाही. सेल संपायच्या आतच बदलून आणायचा. दुकानात मिनिटभर ते थांबायचं, तेवढा वेळ त्या डोळे मिटून जप करत उभ्या राहायच्या. पुढे मुलगा फौजेत गेला आणि त्यांच्या मनाने घेतलं, की हे चालू आहे तोवर त्याला काही होत नाही. तोंडाने असं त्या कधी बोलल्या नाहीत. पण सकाळी काट्याची हालचाल बघितल्याशिवाय त्यांना चहा जात नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन झालं आणि त्याच सुमारास सीमेवर गडबड सुरू झाली. इथे संध्याकाळी भोंगे वाजवून दिवे घालवायचा सराव व्हायला लागला. उत्तमरावांचा फोन लागेना. डॉक्टरांनी सुमनबाईंना सांगितलेलं, आठवडाभर वाकायचं नाही. देव्हारा पाटावर, जमिनीलगत, म्हणून पूजा विजूकडे आली. पहिल्याच सकाळी तिने घड्याळ पुसायला उचललं तर काटा थांबलेला.

ती तशीच ओल्या हाताने माझ्याकडे वर आली. मूठ उघडून दाखवली.

“वैनी, हे बंद पडलंय.”

“सेल गेला असेल गं.”

“सेल शिमग्याला घातलाय नवा.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “आत्तींनी आतून विचारलं, चालू आहे ना गं? मी हो म्हणून आले.”

मी रामरक्षा म्हणत होते ती अर्धीच राहिली.

आम्ही रिक्षा करून चारदिवारीत, म्हणजे जुन्या शहरात, घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, सेल तपासला, मान हलवली. “मशीन जाम है बहनजी. इतनी पुरानी का सामान नहीं आता. नई मशीन डाल देता हूँ, ऊपर से यही दिखेगी.”

विजूने घड्याळ परत घेतलं. साफ करून बघायचं तर पांढरं पेट्रोल लागतं, असं तोच म्हणाला, आणि एक लहान बाटली त्याने दिलीही. पण जाम झालेल्या जुन्या मशीनला हात लावायला तो तयार नव्हता. बिघडली तर बोल नको, म्हणाला.

रिक्षात ती म्हणाली, “नवी मशीन म्हणजे माणूस बदलायचा आणि कपडे तेच ठेवायचे. आत्तींना फसवेन मी. देवाला कसं फसवू?”

“मग काय करणार?”

“मीच उघडते.”

तिने आयुष्यात मिक्सरच्या पलीकडे काही उघडलं नव्हतं. पण शिवणकामात हात बारीक होता, आणि मोबाइलवर व्हिडिओ होते. दुपारी सुमनबाई औषध घालून आडव्या झाल्या की ती माझ्याकडे वर यायची. जेवणाच्या टेबलावर पांढरी थाळी, भुवयांचा चिमटा, चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवायचा पेचकस, नवा रंगाचा ब्रश आणि आमच्या ह्यांचं टपाल तिकिटं बघायचं भिंग. जयपूरचा वैशाख, आणि कूलर बंद ठेवायचा, कारण त्याच्या वाऱ्याने बारीक स्क्रू उडतात. घाम आत पडू नये म्हणून तिने कपाळाला पंचा बांधला होता.

आमचे हे जेवायला घरी आले, दारातूनच म्हणाले, “विजू, घड्याळ उघडतेस का बॉम्ब?”

ती हसली नाही. म्हणाली, “भाऊजी, पंखा लावू नका एवढं करा.”

मागचं झाकण दाबून बसवलेलं होतं. फटीत सुरीची बोथट कड घालून तिने ती फिरवली. सुरी घसरली असती तर हात कापला असता, पण तिला भीती हाताची नव्हती. झाकण टक्कन निघालं. तिने भिंगातून आत पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“वैनी, रक्त आहे आत.”

मी वाकून बघितलं. खरंच लाल होतं. चाकांच्या दात्यांत, कडेला, सगळीकडे काळपट लाल. हिंदुरावांच्या हातातलं घड्याळ, तो अपघात, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिच्या मनात तर त्याहून जवळचं माणूस असणार. 

मग मी काडीचं टोक लावून थोडं काढलं, बोटावर चोळलं, वास घेतला. जन्मभर देवापुढे बसलेली बाई मी, तो वास चुकणार नाही.

“विजू, कुंकू आहे हे.”

रोजचं कुंकू. पूर्वी सुमनबाई काचेवर एक बारीक टिकली लावायच्या. डोळ्यात मोतीबिंदू वाढत गेला, तसं बोट काचेवरून सरकून कडेला, किल्लीपाशी लागत राहिलं, आणि दिसत नाही म्हणून चिमूटही वाढली. ते किल्लीच्या भोकातून आत गेलं, जुन्या तेलात कालवलं गेलं आणि त्याचा लगदा होऊन चाकं धरून बसला. ज्या हाताने जपलं, त्याच हाताने ते थांबवलं होतं.

“हे आत्तींना कळता कामा नये,” विजू म्हणाली. “छातीचं दुखणं आहे त्यांना.”

आता मशीन सोडवणं आलं. व्हिडिओतला माणूस सांगत होता, तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तार केसाहून बारीक, तिला पेचकस घासला की खेळ संपला. विजूने सेल काढला, तो पकडायला प्लास्टिकचा चमचा घेतला. चाकांवरची पट्टी उचलायची वेळ आली तेव्हा तिचा हात इतका कापायला लागला, की तिने पेचकस खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

खाली सुमनबाई अस्वस्थ झाल्या होत्या. एका सकाळी म्हणाल्या, “आण गं ते जरा. कानाशी धर.” विजूने काय करावं? स्वतःचं घड्याळ काढून त्यांच्या कानाशी धरलं. सुमनबाईंनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, “जोरात वाजतंय.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. चाकं थाळीत सुटी झाली, तांदळाच्या कण्यांहून बारीक. पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून ती एकेक चाक धूत होती, कापसाचे बोळे लाल होत होते, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. उत्तमराव.

“मी बरा आहे. आईचा डोळा?”

“चांगला आहे. तुम्ही कुठं—”

“ते राहू दे. सिलेंडर आला का?”

“आला.”

“आईला सांग.” आणि फोन तुटला.

मी देवाला हात जोडले. म्हटलं, “झालं ना! बघ, घड्याळ पडलंय थाळीत तुकडे होऊन, आणि माणूस धडधाकट बोलला.”

तिने डोळे पुसले आणि पुन्हा ब्रश उचलला. “आत्ता बोलले, वैनी. फोन ठेवल्यावरचं काय?”



चाकं परत बसवणं हे सगळ्यात अवघड. वरच्या पट्टीला सुईच्या टोकाएवढी भोकं, प्रत्येक चाकाचं टोक आपापल्या भोकात जायला हवं. एक बसलं की दुसरं सुटायचं. जोर लावला तर टोक मोडणार. ती श्वास रोखून धरायची, मग सोडायची, पुन्हा धरायची. मी शेजारी बसून जप करत होते, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून डोळे मिटले होते. दोन दुपारी गेल्या. शेवटी पट्टी खाली बसली, स्क्रू लागला, सेल घातला. काही नाही. ती पांढरी पडली. मग तिच्या लक्षात आलं, किल्ली बाहेर ओढलेली होती. तिने ती बोटाने आत दाबली. काटा एक घर पुढे सरकला. मग आणखी एक.

ती ओरडली नाही, हसली नाही. थाळीवर हात धरून बसून राहिली, जसं काही वाऱ्याने विझेल ते.

डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली त्या सकाळी मी मुद्दाम खाली गेले. सुमनबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या. काळा चष्मा काढला, घड्याळ उचललं आणि कानाशी नेलं.

“हे आपलं आहे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी कानाशी धरलंस ते आपलं नव्हतं.”

विजूने हातातलं निरांजन खाली ठेवलं.

“आता उत्तमचं काय झालंय ते सांग. माझी तयारी झालीय.”

“आत्ती, काही झालेलं नाही! फोन आला होता, मी सांगितलं की तुम्हाला.”

“घड्याळाचंही सांगितलंस, चालू आहे म्हणून.” आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली. “इतके दिवस पडल्या पडल्या ऐकतेय मी. तू दुपारी वर जातेस, वैनींच्यात बसतेस, डोळे सुजवून येतेस. मला वाटलं, बातमी आलीय. माझा डोळा बरा होईस्तोवर पोरगी दडवतेय.”

म्हणजे त्या बाईने तितक्या रात्री मुलगा गेला असं धरून काढल्या होत्या, आणि आम्हाला भीती त्यांना घड्याळाचं कळेल याची! मी तशीच वर गेले आणि थाळी घेऊन आले. लाल कापसाचे बोळे तिच्यात तसेच पडले होते. सुमनबाईंनी नव्या डोळ्याने ते निरखून बघितलं. एक बोळा उचलून वास घेतला.

“हे माझ्या हातचं,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला दिसत नव्हतं, आत्ती,” विजू म्हणाली. “त्याने जाम झालं. मी उघडून धुतलं. आणि ह्यांचा फोन आला ना, तेव्हा हे सगळं सुटं होतं. शपथ घेऊन सांगते. घड्याळ बंदच होतं, आणि ते सिलेंडर आला का विचारत होते.”

“सिलेंडर?”

“हो.”

सुमनबाईंच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेलं काहीतरी आलं. “मेला आईशी बोलला नाही, आणि सिलेंडर,” असं म्हणून त्या रडायला लागल्या. हे खोटं कुणी रचणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. विजूने त्यांचा डोळा जपत चष्मा परत घातला. चहा मी केला. तो त्यांनी घड्याळाकडे न बघता घेतला.

उत्तमराव पुढे थोड्या दिवसांनी आईशी नीट बोलले. पण ते अजून तिकडेच आहेत. सुमनबाई घड्याळावर आता फक्त फूल वाहतात, आणि एखाद्या दिवशी तेही विसरतात. झोप चांगली लागते म्हणाल्या.

परवा विजू वाळवण उचलायला गच्चीवर आली होती. डोळ्यांखाली काळं होतं. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, “पहाटे उठून बघते मी त्याला.”

“तू? अगं, तूच तर सिद्ध केलंस, की त्याचा नि माणसाचा काही संबंध नाही.”

“ते कळतंय, वैनी. पण आत्तींनी ते बाहेरूनच बघितलंय. मी आत बघितलंय. केसाएवढ्या तारेवर चालतंय सगळं.” तिने कुरडयांचा डबा छातीशी धरला. “इतक्या बारीक गोष्टीवर चालतं, हे मला आधी माहीत नव्हतं.”

ती खाली गेली तरी मी गच्चीवर उभी राहिले, आणि रामरक्षा पहिल्यापासून म्हणायला लागले.